निसर्ग-इतिहास संग्रहालयाचं वर्ष कशात जातं?

कुठल्याही मोठ्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा वार्षिक अहवाल उघडा. नवं प्रदर्शन किती लोकांनी पाहिलं, शास्त्रज्ञांनी किती नव्या प्रजातींना नावं दिली आणि किती निधी जमला, हे त्यात सुरुवातीलाच दिलेलं असतं. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत मांडलेल्या असल्यामुळे ही तीन स्वतंत्र खाती आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात एका कामाचा पैसा, माणसं आणि वस्तू दुसऱ्या कामात सतत फिरत असतात. हे फिरणं कुठे अडतं ते कळलं, की संग्रहालयाचं वर्ष चांगलं गेलं की नुसतं गडबडीत गेलं, हेही कळतं.

एका सांगाड्यापासून सुरुवात करू. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात छताखाली निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. लांबी २५ मीटरच्या थोडी वर, वजन सुमारे साडेचार टन. जबडा उघडा, डोकं खाली, भक्ष्यावर सूर मारल्याची ढब. १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड बंदरात ही मादी वाळूच्या दांड्यावर अडकली आणि तिथेच तिचा शेवट झाला. संग्रहालयाने तिची हाडं घेतली. पुढे कित्येक दशकं हा सांगाडा सस्तन प्राण्यांच्या दालनात होता. २०१७ च्या जुलैमध्ये तो मुख्य दालनात आला आणि त्याला ‘होप’ हे नाव मिळालं. त्याआधी त्या जागी ‘डिप्पी’ उभा होता. डिप्पी म्हणजे अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतींनी भेट दिलेला, १९०५ मध्ये पहिल्यांदा मांडलेला डिप्लोडोकस डायनासोरचा प्लास्टरचा सांगाडा. त्याला हलवणार म्हटल्यावर लोकांनी बरीच ओरड केली. पण डिप्पी ही प्रतिकृती आहे आणि होपची हाडं खरी आहेत, हा फरक संग्रहालयाला महत्त्वाचा वाटला. मलाही तो बरोबर वाटतो.

हे झालं प्रदर्शन. आता संशोधन. निळ्या देवमाशाला दात नसतात, वरच्या जबड्याला बेलीनच्या, म्हणजे पाण्यातून भक्ष्य गाळून घेणाऱ्या, चकत्या असतात. आपल्या नखांतलं केरॅटिनच यातही असतं आणि चकती मुळाशी वाढत राहते. त्या त्या वेळी प्राणी कुठे होता आणि काय खात होता याची रासायनिक खूण प्रत्येक थरात उरते. होपच्या बेलीनमधली कार्बन आणि नायट्रोजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासून शास्त्रज्ञांनी तिच्या शेवटच्या सुमारे सात वर्षांतल्या फिरतीचा अंदाज बांधला. निळ्या देवमाशांवर उपग्रहाचे टॅग लावायला लागण्याच्या कितीतरी आधी मेलेल्या प्राण्याचा प्रवास असा हाती आला. कुणीतरी शंभरावर वर्षं ते बेलीन नीट ठेवलं म्हणूनच हे जमलं.

आणि निधी? ज्या दालनात होप आहे त्याचं नाव ‘हिंट्झे हॉल’. मायकेल हिंट्झे यांनी २०१४ मध्ये ५० लाख पौंडांची देणगी दिली, त्यानंतर दालनाला हे नाव मिळालं.

प्रदर्शनांचं गणित आधी उरकतो, कारण ते डोळ्यांसमोरच असतं. कायमची दालनं आणि काही महिन्यांपुरती मांडलेली खास प्रदर्शनं असे दोन प्रकार असतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत २००१ च्या डिसेंबरपासून कायमची दालनं मोफत आहेत, पण खास प्रदर्शनांना बहुधा तिकीट असतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही प्रवेश मोफत. कायमचं दालन बदलणं हे वर्षांचं काम: स्मिथसोनियनने जीवाश्मांचं दालन २०१४ मध्ये बंद केलं ते थेट २०१९ च्या जूनमध्ये उघडलं. जुने सांगाडे सुटे करायचे, शंभर वर्षांपूर्वी हाडांत ठोकलेल्या लोखंडी सळ्या काढायच्या, चुकीच्या ढबीत बसवलेले प्राणी आजच्या समजुतीप्रमाणे पुन्हा उभे करायचे, हे घाईने होत नाही.

मांडणी करणाऱ्यांना कधी जागाही पुरत नाही. अर्जेंटिनात सापडलेल्या पॅटागोटायटन या महाकाय डायनासोरची प्रतिकृती न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१६ मध्ये उभी केली. लांबी सुमारे ३७ मीटर. दालन त्याहून आखूड, म्हणून मान आणि डोकं दाराबाहेर काढलं. खरी हाडं इतकी जड असतात की ती अशी टांगताच येणार नाहीत, म्हणून हाडांचं थ्री-डी स्कॅनिंग करून फायबरग्लासची हलकी हाडं बनवली. खऱ्या वस्तू मांडायच्या तर वेगळीच काळजी. पिसं, कातडी आणि फुलपाखरांचे रंग प्रकाशाने कायमचे उडतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. संग्रहालयाची दालनं इतकी अंधारी का, असं मुलं विचारतात, त्याचं हे उत्तर.

पण लोक जे बघून जातात ते फार थोडं असतं. लंडनच्या संग्रहालयात सुमारे ८ कोटी नमुने आहेत, स्मिथसोनियनमध्ये १४.५ कोटींहून जास्त. दालनांत मांडलेले त्यांतले एक टक्कासुद्धा नसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २८ देशांतल्या ७३ मोठ्या संग्रहालयांनी आपापला साठा मोजला. बेरीज ११० कोटींच्या वर गेली. एवढं सगळं भिंतीमागच्या कपाटांत, खणांत आणि स्पिरिटच्या बरण्यांत आहे, आणि माझ्या मते खरं संग्रहालय तेच आहे.

एक खण उघडून बघू. पक्ष्यांच्या खणात पक्षी उताणे, ओळीने ठेवलेले असतात. पंख मिटलेले, पाय एकमेकांवर टाकून दोऱ्याने बांधलेले, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. दालनातल्या पक्ष्यासारखे काचेचे डोळे नाहीत की फांदीवर बसल्याची ऐट नाही, कारण हा बघण्याचा नव्हे, मोजण्याचा नमुना आहे. पोटावर छेद देऊन कातडी अलगद सोडवायची, आतून स्वच्छ करायची, काडीभोवती गुंडाळलेला कापूस भरायचा आणि शिवून टाकायचं, अशी ही पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. हल्ली मांसाचा तुकडाही अतिथंड पेटीत ठेवतात, पुढे डीएनए काढता यावा म्हणून. सांगाडा हवा असेल तर तो डर्मेस्टिड जातीच्या भुंग्यांच्या पेटीत ठेवतात. त्यांच्या अळ्या हाडाला धक्का न लावता मांस फस्त करतात. याच कुळातले भुंगे पेटीतून निसटून कपाटांत शिरले तर अख्खा संग्रह खाऊन टाकतील, म्हणून त्यांची खोली इतर संग्रहापासून दूर असते.

या पक्ष्याच्या पायाला एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी जमवला. नमुन्याची सगळी किंमत या चिठ्ठीत आहे. २००९ मध्ये लंडनच्या याच संग्रहालयाच्या ट्रिंग इथल्या शाखेतून २९९ पक्षी चोरीला गेले. मासे पकडायच्या गळाला लावायच्या शोभिवंत, खोट्या माश्या बनवण्यासाठी रंगीत पिसांना बाजार आहे, त्यासाठी ही चोरी झाली. चोर सापडला, १७४ पक्षी अखंड परत मिळाले, पण चिठ्ठी शाबूत होती फक्त १०२ जणांच्या पायाला. बाकीचे पक्षी परत येऊनही विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ गेलेच, कारण ते कुठले आणि कधीचे हे आता सांगता येत नाही.

चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीत दिसतं. या घुबडाचे मोजके नमुने १८७२ ते १८८४ या काळात मिळाले आणि नंतर तो जणू नाहीसाच झाला. अपवाद एकच: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना. त्या चिठ्ठीवर विसंबून तज्ज्ञ तिकडे शोध घेत राहिले आणि हात हलवत परत आले. १९९० च्या दशकात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मायनर्ट्झहागेनच्या संग्रहाची झडती घेतली. एक्स-रे आणि बारीक तपासणीतून दिसलं, की हा पक्षी आधी कुणीतरी भरलेला होता आणि मग उसवून पुन्हा शिवला होता. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात जमवलेल्या पक्ष्यांपैकीच तो एक होता. मायनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावली होती. खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या पत्त्यांवर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी! एका पक्ष्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न कपाटातल्या चिठ्ठ्या तपासून सुटला, याचं मला आजही नवल वाटतं.

एकाच जातीचे शेकडो पक्षी कशाला हवेत, असा प्रश्न बरेच जण विचारतात. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलर्ड १९७८ पासून पहाटे उंच इमारतींवर आपटून मेलेले स्थलांतरी पक्षी गोळा करत आले. प्रत्येकाचं मोजमाप त्यांनी वहीत टिपलं. २०१६ पर्यंतच्या ७० हजारांहून जास्त पक्ष्यांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की ५२ च्या ५२ जातींत शरीर लहान होत चाललंय आणि बहुतेकांचे पंख लांबत चाललेत. तापमानवाढीशी याचा संबंध असावा असं संशोधकांना वाटतं. पहाटे फरशीवरून मेलेली चिमणी उचलताना विलर्ड यांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

अंड्यांचंही तेच. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतल्या जुन्या आणि नव्या अंड्यांची कवचं तोलून दाखवून दिलं, की १९४७ च्या सुमारापासून बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं एकदम पातळ झाली. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धच्या पुराव्यात हा मोठा दुवा ठरला. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. जुनी अंडी जमवणाऱ्यांनी ती छंद म्हणून जमवली होती, डीडीटीचं नावही तेव्हा कुणी ऐकलेलं नव्हतं.

नव्या प्रजातींबद्दलही एक गैरसमज आहे. बातमीत ‘नवी प्रजाती सापडली’ असं वाचलं की जंगलात कुणालातरी ती नुकतीच दिसली असं वाटतं. एका अभ्यासानुसार नमुना गोळा होण्यापासून त्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. तोवर तो खणात पडून असतो. क्रिस्टोफर हेल्गेन यांना फील्ड म्युझियमच्या खणांत काही तांबूस कातडी आणि कवट्या दिसल्या, ज्या कुठल्याच ज्ञात प्राण्याशी जुळेनात. त्यांतून २०१३ मध्ये ‘ऑलिंगिटो’ हा दक्षिण अमेरिकेतला सस्तन प्राणी जगासमोर आला. आणि गंमत म्हणजे याच जातीची एक मादी १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत राहून गेली होती. इतर नरांशी ती जोडी का जमवत नाही, असा तिथल्या लोकांना प्रश्न पडे. जात वेगळी, म्हणून. त्यामुळे अहवालात ‘यंदा इतक्या प्रजाती’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती यंदाची मेहनत असतेच, पण वीस-तीस वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी कामही त्यात असतं. लंडनच्या संग्रहालयाने २०२३ साठी ८१५ नव्या प्रजाती मोजल्या. त्यांत बहुतेक गांधीलमाशीच्या कुळगोतातल्या बारीक माश्या होत्या. त्यांचे फोटो पहिल्या पानावर येत नाहीत.

आता पैसा. संग्रहालयाकडे तो कुठून येतो? सरकारी अनुदान, तिकिटं, दुकान आणि उपाहारगृह, सभासदांची वर्गणी, संशोधनासाठी मिळणारी अनुदानं आणि देणग्या. काही मोठ्या संस्थांकडे कायम निधीही असतो: मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि फक्त उत्पन्न खर्चायचं. असा निधी उभा करायला दशकं लागतात, पण मंदीच्या वर्षात तोच तारतो.

देणग्यांत एक भेद महत्त्वाचा आहे. काही देणग्या ठरावीक कामासाठीच असतात, काही संस्थेला हवं तिथे वापरता येतात. देणगीदाराला साहजिकच काहीतरी दिसणारं हवं असतं: नवं दालन, डायनासोर, भिंतीवर नाव. अमेरिकन म्युझियमचं गिल्डर सेंटर २०२३ मध्ये ४६.५ कोटी डॉलर खर्चून उभं राहिलं, आणि देणगीदाराचं नाव त्याच्यावर आहे. स्मिथसोनियनच्या जीवाश्म दालनाला डेव्हिड कोक यांनी साडेतीन कोटी डॉलर दिले. कोक यांचा धंदा तेल-कोळशाशी जोडलेला. हवामानबदलाबद्दल बोलणाऱ्या संस्थांनी असा पैसा घ्यावा का, यावर शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये जाहीर पत्र लिहिलं होतं. घ्यावा, पण मजकुरात देणगीदाराचा शब्द चालता कामा नये आणि तशी अट कागदावर असावी, असं माझं मत आहे. न घेता दालन बंद ठेवणं हाही काही फुकटचा निर्णय नसतो.

याउलट बरणीतलं उडून गेलेलं स्पिरिट पुन्हा भरणं, कीड लागलेला खण उणे तापमानात गोठवणं, निवृत्त झालेल्या क्युरेटरची, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाची, जागा भरणं, छत गळतंय ते दुरुस्त करणं, यांसाठी देणगी मागायला गेलं तर समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. ही कामं ज्या सर्वसाधारण खर्चातून होतात, त्यालाच पहिली कात्री लागते. निधी जमवणाऱ्या विभागाचं कसब मोठा धनादेश मिळवण्यात असतं तितकंच त्या धनादेशात दहा-पंधरा टक्के ‘संग्रहाच्या देखभालीसाठी’ असं लिहून घेण्यात असतं.

शिवाय बाजारही महाग होत चाललाय. ‘स्यू’ हा टी-रेक्सचा सांगाडा फील्ड म्युझियमने १९९७ मध्ये लिलावात सुमारे ८४ लाख डॉलरला घेतला, तोही मॅकडोनाल्ड्स आणि डिस्नेसारख्यांची मदत घेऊन. २०२० मध्ये ‘स्टॅन’ हा दुसरा टी-रेक्स ३.१८ कोटी डॉलरला गेला, २०२४ मध्ये ‘एपेक्स’ हा स्टेगोसॉरस ४.४६ कोटींना. एपेक्स खरेदी करणाऱ्याने तो अमेरिकन म्युझियमला काही वर्षांसाठी उसना दिला, हे बरं झालं. पण खासगी मालकीच्या सांगाड्यावर संशोधन करणं अवघडच असतं, कारण उद्या दुसऱ्या कुणाला तोच पुरावा तपासायचा झाला तर दार उघडं असेल याची खात्री नसते.

दुर्लक्षाची किंमत काय असते ते रिओ द जानेरोत दिसलं. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २०१८ मध्ये २०० वर्षं पूर्ण झाली. संग्रहात सुमारे २ कोटी वस्तू. देखभालीचं अंदाजपत्रक वर्षानुवर्षं आटत गेलेलं. त्या जूनमध्ये एका सरकारी बँकेशी २.१७ कोटी ब्राझिलियन रेआलचा करार झाला, त्यात आगप्रतिबंधक यंत्रणेसाठीही तरतूद होती. पैसे हाती येण्याआधीच २ सप्टेंबरच्या रात्री आग लागली. ती एका वातानुकूलन यंत्रातून सुरू झाली असं तपासात निघालं. जवळच्या हायड्रंटना पुरेसं पाणी नव्हतं, बंबांना टँकर मागवावे लागले. कीटकांचा बहुतेक सगळा संग्रह गेला, आणि त्यातले प्रमाण नमुनेही गेले. प्रमाण नमुना म्हणजे ज्या एका प्राण्यावरून त्या जातीचं नाव ठरलं तो. त्याला पर्याय नसतो. वनस्पतींचा संग्रह आणि पृष्ठवंशी प्राण्यांचे नमुने वेगळ्या इमारतीत होते, ते वाचले. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या ‘लुझिया’ या स्त्रीच्या कवटीचे बरेच तुकडे राखेतून सापडले. दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २०१६ च्या एप्रिलमध्ये असंच आगीत गेलं होतं.

म्हणून अहवाल वाचताना मी प्रेक्षकसंख्येवर फार थांबत नाही. ती मोठी असते आणि असावीच. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयात ६३ लाख लोक येऊन गेले, त्यांतल्या काही मुलांना पुढे याच कामाची ओढ लागेल. मी आधी बघतो की संग्रहाची देखभाल करणाऱ्यांच्या जागा भरल्या आहेत का, किती नमुन्यांची नोंद संगणकावर चढली, बाहेरच्या किती संशोधकांना नमुने उसने दिले आणि आगीपासून संरक्षणावर खर्च झाला का. आणि कुठल्याही संग्रहालयाला थोडीफार देणगी द्यायची झाली, तर फॉर्ममध्ये ‘जिथे गरज असेल तिथे वापरा’ असा पर्याय बहुधा असतो. त्याच्यावर खूण करावी.